शिलारस कोठे जन्मतो? भूपट्टांची हालचाल आणि भारतातील अग्निजन्य खडक

सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, लेहभोवतीचा करडा ग्रॅनाइट आणि अंदमान समुद्रातील बॅरन बेटावरचा अलीकडचा लाव्हा हे तिन्ही अग्निजन्य खडक होत. तिन्हींच्या इतिहासात भारतीय भूपट्टाचा प्रवास गुंतलेला आहे; मात्र खडक वितळण्याचे कारण प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे.

जमिनीखाली सर्वत्र शिलारसाचा समुद्र उकळत असतो, हा समज पाठ्यपुस्तकांनंतरही टिकून आहे. वस्तुतः भूकवचाखालील प्रावरण जवळजवळ सर्वत्र घन असते. तेथील तापमान प्रचंड असले तरी वरच्या थरांचा दाब खडकाला वितळू देत नाही. हा दाब कमी झाला, खडकात पाणी शिरले किंवा उष्णता वाढली, तरच त्याचा काही अंश वितळतो. या तीनही गोष्टी प्रामुख्याने भूपट्टांच्या हालचालींमुळे घडतात.

भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तेथे खालचे प्रावरण वर येते, दाब घटतो आणि बेसाल्टी शिलारस तयार होतो. हिंदी महासागराच्या वायव्य भागातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेत सागरतळ असाच नव्याने घडत आहे.

बॅरन बेटाची गोष्ट याच्या उलट. येथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडील लहान बर्मा भूपट्टाखाली सरकतो. खाली जाणाऱ्या सागरतळातील खनिजांमध्ये बांधलेले पाणी खोलवर मुक्त होते, वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस निर्माण होतो. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून सुमारे 140 किलोमीटर अंतरावरील या निर्मनुष्य बेटावरील उद्रेकाची पहिली नोंद 1787 ची आहे. सुमारे दीड शतकाच्या शांततेनंतर 1991 मध्ये तो पुन्हा जागा झाला. दीर्घकाळ शांत असलेला ज्वालामुखी मृत मानणे किती धोक्याचे, हे त्याने दाखवून दिले.

लडाखमध्येही एकेकाळी असेच घडत होते. टेथिस महासागराचा तळ आशियाखाली जात असताना, सुमारे 10 ते साडेचार कोटी वर्षांपूर्वी, निर्माण झालेला शिलारस खोलवरच सावकाश थंड झाला. म्हणूनच लडाखच्या ग्रॅनाइटमधील स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. पुढे भारत आशियाला भिडला, महासागर मिटला आणि खाली पाणी नेणारा सागरतळच उरला नाही. हिमालयात आज ज्वालामुखींची रांग का नाही, याचे उत्तर येथे आहे. टकरीने दुपटीच्या आसपास जाड झालेले भूकवच मात्र आतून तापले आणि अंशतः वितळले. गंगोत्री परिसरातील शिवलिंग, भागीरथी या शिखरांचा फिकट ग्रॅनाइट त्यातून, दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, जन्मला.

दख्खनचा बेसाल्ट यांपैकी कोणत्याही चौकटीत बसत नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे हे उद्रेक भूपट्टाच्या अंतर्भागात झाले. प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण स्तंभावरून, म्हणजे रियुनियन तप्तस्थळावरून, भारत उत्तरेकडे सरकत असताना ते घडले, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण; काही भूशास्त्रज्ञांचे त्याबाबत मतभेद आहेत. लक्षद्वीप, मालदीव, छागोस आणि मॉरिशसमार्गे रियुनियनपर्यंतची ज्वालामुखीय साखळी याच प्रवासाची खूण मानली जाते. लाव्हाचे थर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत.

कोयनेत 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या संशोधनासाठी केलेल्या खोदाईत सुमारे 930 मीटर बेसाल्टनंतर थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. या परिसरातील भूकंपांचा उगम मुख्यतः त्या पायाभूत खडकात असल्याने तेथपर्यंत पोहोचणे आवश्यक होते.

पठारावरील शेतकऱ्याला या थरांची ओळख अधिक जवळची आहे. लाव्हाच्या प्रवाहाचा वरचा, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला किंवा झिजलेला भाग पाणी धरतो. मधला घट्ट भाग भेगा नसतील तर जवळजवळ कोरडाच. त्यामुळे एकाच शिवारात एका विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते, तर शेजारची, तितकीच खोल असूनही, मार्चमध्येच तळ गाठते.