राखणदार फितूर होतो तेव्हा

कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो. पाळतीच्या कॅमेऱ्याचा गेल्या काही दशकांचा इतिहास पाहिला, म्हणजे ह्या म्हणीचा नवा अर्थ ध्यानी येतो.

प्रारंभ मोठा निरुपद्रवी होता. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा बसविला. हेतू इतकाच, की भांडे रिकामे असता जिना चढण्याचा हेलपाटा पडू नये. १९९३ साली ते चित्र इंटरनेटवर आले आणि जगाने ते कौतुकाने पाहिले.

पुढे हा कॅमेरा घरोघरी आला. परंतु तो नुसता डोळा नव्हे, तर एक लहानसा संगणकच आहे, ही गोष्ट घेणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. कारखान्यात घातलेला परवलीचा शब्द हजारो यंत्रांत एकच असे आणि तो क्वचितच कोणी बदली.

पहिला धोका घरधन्याला होता. २०१२ साली ट्रेंडनेट कंपनीच्या सुमारे सातशे कॅमेऱ्यांतील दृश्ये परक्यांनी उघड्यावर मांडली. त्यांत पाळण्यातील निजलेली बालकेही होती. २०१३ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्या कंपनीवर कारवाई केली.

दुसरा धोका शेजाऱ्याला होता आणि तो अधिक व्यापक ठरला. २०१६ साली 'मिराई' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर फिरू लागला. त्याची युक्ती साधी होती : कारखान्यातील साठ-एक ठराविक नावे व परवलीचे शब्द घेऊन तो प्रत्येक दार ठोठावी. जे उघडे, ते यंत्र त्याच्या फौजेत सामील होई. २० सप्टेंबर रोजी ह्या फौजेने ब्रायन क्रेब्ज ह्या पत्रकाराच्या संकेतस्थळावर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिटांचा लोंढा सोडला. महिनाअखेर कर्त्यांनी प्रोग्रॅमची मूळ संहिताच जाहीर केली, आणि हे शस्त्र कोणाच्याही हाती गेले. २१ ऑक्टोबरला 'डाइन' ह्या अमेरिकन कंपनीवर हल्ला झाला. संकेतस्थळांची नावे व पत्ते जुळविणे हे तिचे काम; ते अडताच ट्विटर, नेटफ्लिक्स इत्यादी स्थळे कित्येकांना काही तास दुर्लभ झाली.

हे कोणा शत्रुराष्ट्राचे कृत्य होते काय? मिराईचे कर्ते तीन तरुण निघाले. 'माइनक्राफ्ट' ह्या खेळाच्या धंद्यातील चढाओढीत हे हत्यार घडले. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले. इकडे कॅमेऱ्याच्या मालकाला मात्र काहीच ठाऊक नव्हते. त्याचा कॅमेरा नित्याप्रमाणे अंगणच दाखवीत होता! यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, की मिराई पुसला जाई. परंतु परवलीचा शब्द तोच असेल, तर काही मिनिटांतच परत येई. काही यंत्रांत तर तो शब्द बदलण्याची सोयच नव्हती.

म्हणून दोष केवळ गिऱ्हाइकाचा मानून भागेना. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असल्या सरसकट शब्दांना कायद्याने आळा घातला. भारतातही २०२५ च्या एप्रिलपासून पाळतीच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या कसोट्या लागू झाल्या.

तथापि जुनी यंत्रे भिंतींवर आहेतच. किल्ल्याच्या परवलीचा शब्द साऱ्या मुलखाला ठाऊक झाल्यावर तटबंदीची उंची काय कामाची? आपल्या दारावरच्या राखणदाराची परवल बदलली आहे ना, एवढे ज्याने त्याने आज पाहावे. त्यात आपली आब्रू आहे, आणि शेजाऱ्याची निर्धास्ततादेखील.