काळी मुसळी

काळी मुसळी ही कोकणातील आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या पानझडी वनांत पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारी बहुवर्षायू ओषधी असून, तिचे मूलक्षोड, म्हणजे जमिनीत वाढणारे मांसल खोड, आयुर्वेदात वाजीकर आणि चिनी वैद्यकात ‘यांग’ वाढविणारे औषध म्हणून शतकानुशतके वापरात आहे. तिचे शास्त्रीय नाव कुर्क्युलिगो ऑर्किऑइडिस असे असून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योझेफ गेर्टनर यांनी ते १७८८ मध्ये प्रसिद्ध केले. तिचा समावेश हायपॉक्सिडेसी कुलात होतो. संस्कृतात तिला मुसली व तालमूली, हिंदीत काली मुसली, मल्याळममध्ये निलप्पना आणि चिनीत श्येनमाव म्हणतात. भारतापासून आग्नेय आशिया, दक्षिण चीन, जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा प्रसार आहे.

वर्णन : झुडुपांच्या सावलीत किंवा गवतात वाढणारी ही वनस्पती फूल येईपर्यंत सहज ओळखू येत नाही. पाने भाल्यासारखी, लांब, उभ्या चुण्यांची आणि ताडाच्या कोवळ्या रोपाच्या पानांसारखी दिसणारी असतात. मूलक्षोड सरळ खाली जाणारे, दंडगोल, बाहेरून काळपट व आतून पांढरे असते आणि जुन्या झाडात ते एक फुटापर्यंत लांब होते. फुले पिवळी, सहा परिदलांची असून जवळजवळ मातीला टेकलेली असतात. फुलोऱ्यातील खालची फुले द्विलिंगी आणि वरची बहुधा पुं-पुष्पे असतात. या वनस्पतीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, तिचा किंजपुट पानांच्या आवरकांत, जमिनीच्या पातळीखाली दडलेला असतो आणि त्याच्यापासून निघालेली लांब, बारीक चोच फूल तेवढे उजेडात आणते. त्यामुळे फळही मातीतच पिकते व काळ्या, चकचकीत, नागमोडी रेषांच्या बिया तेथेच मोकळ्या होतात. पानाचे टोक ओल्या जमिनीला टेकले तर तेथे कळी धरून नवे रोप तयार होते. औषधी गुणांच्या याद्यांत ही रचना बहुधा वगळली जाते, परंतु बिया दूर पसरत नसल्याने ही वनस्पती एकदा उपटलेल्या जागी पुन्हा इतक्या मंदगतीने का येते, हे त्याच रचनेवरून कळते. हेंद्रिक व्हान रेडे यांच्या ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथाच्या १६९३ मध्ये निघालेल्या बाराव्या खंडात तिचे चित्र आहे. केरळात पवित्र मानलेल्या दहा वनस्पतींच्या ‘दशपुष्पम्’ या समूहातही ती आहे.

आयुर्वेदातील स्थान : वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक असून त्यात मैथुनशक्ती, शुक्रधातू आणि प्रजनन यांचा विचार एकत्र केलेला आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या निघंटूत मुसली ही मधुर, वृष्य, बृंहण, म्हणजे शरीर पुष्ट करणारी, आणि उष्णवीर्य सांगितली असून मूळव्याध व वातविकारांवरही ती उपयुक्त मानली आहे. मूलक्षोडाचे चूर्ण दुधातून घेण्याचा प्रघात आहे.

चिनी वैद्यकातील इतिहास : या वनस्पतीबद्दल सर्वांत तपशीलवार लेखी पुरावा भारतात नव्हे, चीनमध्ये आढळतो, आणि तोही तिचे मूळ भारताशी जोडणारा आहे. सुंग राजवटीत १०६१ मध्ये सू सुंग यांनी सिद्ध केलेल्या सचित्र औषधिग्रंथातील वृत्तांतानुसार थांग सम्राट श्वेनत्सुंग याला इ. स. ७१३ मध्ये पश्चिमेकडील एका ब्राह्मणाने हे औषध अर्पण केले. राजवाड्यात ते गुप्त ठेवण्यात आले, आणि ७५५ मध्ये सुरू झालेल्या आन लु-शान याच्या बंडात ग्रंथ विखुरले गेल्यावर अमोघवज्र (७०५–७७४) या बौद्ध आचार्यांच्या हाती या औषधाचा पाठ लागून त्यांनी काही उच्चाधिकाऱ्यांना तो दिला. यावरून चिनी भाषेत तिला ‘ब्राह्मणाचा जिनसेंग’ असेही नाव पडले. मात्र दहाव्या शतकाच्या आसपासच्या ली श्युन यांच्या परदेशी औषधांवरील ग्रंथात तिचे संस्कृत नाव म्हणून दिलेला उच्चार अश्वगंधेशी जुळणारा आहे, त्यामुळे सम्राटाला मिळालेले मूळ नेमके याच वनस्पतीचे होते की नाव एकीचे आणि मूळ दुसरीचे अशी सरमिसळ झाली, याबद्दल निश्चित विधान करणे योग्य नव्हे.

चिनी वैद्यकाच्या मांडणीत मूत्रपिंड हे केवळ मूत्र गाळणारे इंद्रिय नसून जन्मजात सत्त्व व प्रजननशक्ती यांचे अधिष्ठान मानले जाते आणि त्यातील उष्ण, चेतना देणाऱ्या अंशाला यांग म्हणतात. हा अंश क्षीण झाल्याने येणारे नपुंसकत्व, कंबर व गुडघ्यांतील थंडावा आणि वारंवार लघवी यांवर श्येनमाव दिली जाते. हिमालयातील कीडाजडी किंवा यार्सागुंबा हे कवकही याच वर्गात बसते. सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर पतंगाच्या अळीच्या शरीरात वाढून तिच्या डोक्यातून बाहेर येणारे हे औषधी कवक १९९३ मध्ये चिनी महिला धावपटूंच्या विक्रमांनंतर जगभर गाजले आणि त्याच्या प्रचंड किमतीपुढे मुसळीसारखी स्वस्त मुळे मागे पडली. शांघायमध्ये १९५० च्या दशकात श्येनमाव व इतर पाच औषधींपासून ‘अर-श्येन’ हा काढा तयार करण्यात आला. तो मुख्यतः स्त्रियांच्या रजोनिवृत्तीकाळातील तक्रारींसाठी वापरला जातो.

विषारीपणा : ली शि-चेन यांनी १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या महाग्रंथात, अतिसेवनाने जीभ सुजून तोंडाबाहेर आल्याचा एक वृत्तांत जुन्या ग्रंथातून उद्धृत केला असून, ज्यांच्या शरीरात आधीच उष्णता प्रबळ आहे अशांना हे औषध अपायकारक ठरते असा इशारा दिला आहे. आजची चिनी औषधसंहिताही ते विषारी म्हणूनच नोंदवते आणि दिवसाची मात्रा ३ ते १० ग्रॅम इतकी मर्यादित ठेवते. भारतात ‘निसर्गतः निर्धोक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांच्या वेष्टनावर ही बाब सहसा नसते, हा गंभीर दोष आहे.

आधुनिक संशोधन : मूलक्षोडातून कुर्क्युलिगोसाइड व ऑर्सिनॉल ग्लुकोसाइड ही फिनॉलवर्गीय द्रव्ये वेगळी करण्यात आली असून नर उंदरांवरील प्रयोगांत अर्काने लैंगिक वर्तन वाढल्याचे आढळले आहे, परंतु मानवांवरील मोठ्या व काटेकोर चाचण्यांचा आधार या दाव्यांना नाही. शिवाय पुरुषत्ववर्धक वनौषधींच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल हे संश्लेषित औषध गुपचूप मिसळल्याची प्रकरणे अनेक देशांत उघडकीस आलेली असल्याने, तत्काळ जाणवणारा परिणाम मुळीचाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

सफेद मुसळी व नामसंभ्रम : बाजारात सफेद मुसळी या नावाने शतावरी वर्गातील एका वनस्पतीची मुळे, तर कधी कोवळ्या सावरीची मुळेही विकली जातात. आज मुख्यतः लागवडीत असलेली सफेद मुसळी क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम ही आहे. बोरिवलीच्या परिसरावरून नाव मिळालेल्या या जातीचे वर्णन मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ हर्मेनेगिल्ड संतापाऊ व त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये केले. तिचा काळ्या मुसळीशी कुलसंबंध नाही.

पालघर परिसर : १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माहीम हा स्वतंत्र तालुका असून, तोच पुढे पालघर तालुका झाला. किनाऱ्यावरील माहीम-केळव्याच्या पानवेली, केळी आणि नारळाच्या वाड्यांत काळ्या मुसळीला जागा नाही. तिचा अधिवास रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, मनोरच्या वाटेवरील साग, ऐन व खैर यांच्या वनांचा आहे. या पट्ट्यातील वारली, कोकणा, मल्हार कोळी व कातकरी समाजांना सफेद मुसळीच्या गटातील वनस्पती मुख्यतः रानभाजी म्हणून परिचित आहेत. फोडशी किंवा कुलू या नावाने आषाढात आठवडे बाजारांत येणारी ही पाने मधला जाड, पांढरा दांडा काढून, माती जाईपर्यंत धुऊन, डाळीबरोबर किंवा बेसन पेरून शिजवतात. पाने खुडली तरी मुळे जमिनीत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. औषधासाठी मात्र मूळच खणावे लागते व त्याबरोबर झाड संपते.

लागवड : काळ्या मुसळीची वाढ मूलक्षोडाच्या कळीयुक्त तुकड्यांपासून होते.

संवर्धन : सफेद मुसळी शेतात आली, काळी मुसळी मात्र आजही बहुतांशी रानातून खणली जाते. औषध-उत्पादकांनी लागवडीतून आलेलाच माल घेण्याचे बंधन स्वीकारावे आणि वनविभागाने फुलोऱ्याच्या काळात, जून ते ऑगस्टमध्ये, खणणी पूर्ण थांबवावी.