विमा गाडीचा, जोखीम चालकाची

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावात घरी मोटार एकच असते, पण ती चालविणारे अनेक. यवतमाळला कामासाठी जाताना मालक स्वतः ती चालवितो, धामणगावच्या रेल्वे स्थानकावर पाहुण्यांना आणण्यास पुतण्या जातो आणि लग्नसराईत शेजारी ती मागून नेतो. विमापत्रावर नाव मात्र एकट्या मालकाचे असते. या चालविणाऱ्यांपैकी एखादा बेदरकार, मद्यपी अथवा परवाना नसलेला असेल, तर विम्याचे काय होते? हप्ता वाढतो काय? या प्रश्नाचे आपल्याकडील उत्तर बहुतेकांच्या समजुतीहून वेगळे आहे.

सक्ती कशाची?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी तृतीय पक्ष विमा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा, सक्तीचा आहे. आपल्या वाहनामुळे इतरांचा मृत्यू झाल्यास, त्यांना इजा झाल्यास किंवा त्यांच्या मालमत्तेची हानी झाल्यास भरपाई देण्यासाठी हा विमा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा व नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो.

विम्याविना वाहन चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड चार हजार रुपये होतो.

हप्ता कसा ठरतो?

तृतीय पक्ष विम्याचे दर केंद्र सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता पुढीलप्रमाणे आहे :

- १,००० सीसीपर्यंत : २,०९४ रुपये
- १,००० ते १,५०० सीसी : ३,४१६ रुपये
- १,५०० सीसीहून अधिक : ७,८९७ रुपये

यावर वस्तू व सेवा कर वेगळा. हे दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतात, चालकाच्या वर्तनावर नाही. वीस वर्षे एकही अपघात न केलेला सावध चालक आणि दरवर्षी कुणाला तरी धडक देणारा चालक, दोघेही सारखाच हप्ता भरतात. अमेरिकेत मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल दोषी ठरलेल्या चालकाचा हप्ता मोठ्या प्रमाणात वाढतो आणि अनेक राज्यांत त्याला विमा असल्याचे विशेष प्रमाणपत्र सरकारकडे दाखल करावे लागते. आपल्याकडेही जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने वाहतूक नियमभंगाचे गुण मोजून अधिक हप्ता आकारण्याची शिफारस केली होती. मद्यपान करून वाहन चालविण्यास १००, तर चुकीच्या ठिकाणी गाडी उभी करण्यास १० गुण सुचविले होते. देशभर ही योजना काही लागू झाली नाही.

एका दाव्याची किंमत

स्वतःच्या गाडीच्या विम्यात मात्र फरक पडतो. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर खुले झाले असून ते कंपनीगणिक बदलतात. येथे चालकाच्या सावधपणाची नोंद ‘नो क्लेम बोनस’च्या रूपाने होते. दाव्याविना पहिले वर्ष गेल्यास २० टक्के, दुसरे गेल्यास २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सवलत मिळते. एक दावा केला की सामान्यतः ही सवलत शून्यावर येते.

सोपे उदाहरण घेऊ. मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि तो पुढेही तेवढाच राहिला असे धरू. ५० टक्के सवलतीमुळे मालक ४,००० रुपये भरतो. त्याने दारावरच्या पोच्यासाठी दावा केला, तर पुढील पाच वर्षांत त्याला अनुक्रमे ८,०००, ६,४००, ६,०००, ५,२०० व ४,४०० रुपये भरावे लागतील. म्हणजे एकूण १०,००० रुपये अधिक. शिवाय प्रत्येक दाव्यातून लहान मोटारीसाठी १,००० रुपये सक्तीने वजा होतात ते निराळेच. दुरुस्तीचा खर्च सहा-सात हजारांचा असेल, तर तो पदरचा करणेच शहाणपणाचे ठरते.

ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तरी ती नव्या गाडीवर घेता येते. मात्र विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले की ती हातची जाते.

कंपनी केव्हा हात झटकते?

जोखमीच्या चालकाची खरी किंमत हप्त्यात नसून येथे आहे. परवाना नसलेला किंवा परवाना निलंबित झालेला चालक, मद्याच्या अमलाखाली चालविलेले वाहन, पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीतून भाडे घेऊन केलेली प्रवासी वाहतूक, हे सारे विम्याच्या अटींचे उल्लंघन आहे. अशा वेळी स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाऊ शकते. परवान्याची मुदत संपल्यानंतर पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलतही २०१९ च्या दुरुस्तीने रद्द झाली आहे.

अपघातग्रस्ताचे काय? सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात (२००४) दिलेल्या निर्णयानुसार न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई देण्यास आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. म्हणजे पीडिताला पैसे मिळतात, पण शेवटी भार मालकावरच पडतो. मृत्यूच्या प्रकरणांत ही रक्कम लाखोंच्या घरात जाते. चालकाचा परवाना मालकाने वाजवी खबरदारी घेऊन तपासला होता, असे दिसल्यास मात्र त्याच निर्णयाने मालकाला संरक्षण दिले आहे.

सातबाऱ्यापर्यंत वसुली

न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम भरली नाही, तर कलम १७४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या शेतकरी कुटुंबाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. विमाच नसेल, तर सारी जबाबदारी प्रथमपासूनच मालक व चालकाची. जुनी गाडी विकताना हे विशेष ध्यानात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. केवळ कागदावर सही करून किल्ली दिल्याने सुटका होत नाही.

अल्पवयीनाच्या हाती चावी दिल्यास कलम १९९-अ नुसार पालक अथवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यासाठी रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही होऊ शकतात.

मालकांनी काय करावे?

- गाडी देण्यापूर्वी चालकाचा परवाना, त्याचा वर्ग व मुदत स्वतः पाहावी. पगारी चालक असेल तर परवान्याची प्रत जपून ठेवावी.
- विम्याचे नूतनीकरण मुदतीपूर्वीच करावे. एका दिवसाचा खंडही महागात पडू शकतो.
- जुनी गाडी घेतल्यास १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विकल्यास नोंदणी बदलल्याची खात्री करून घ्यावी.
- गाडी भाड्याने चालवायची असेल, तर परवाना व विमा व्यावसायिक वापराचाच घ्यावा.
- गाडी कमी चालत असल्यास किलोमीटरनुसार हप्त्याच्या योजनेची चौकशी करावी. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये तिला मान्यता दिली आहे.

शेजाऱ्याला किंवा भाच्याला चावी नाकारणे गावात अवघड जाते, हे खरे. पण दिलेल्या चावीबरोबर आपली जबाबदारीही जाते. ‘परवाना दाखव, मग गाडी ने’ एवढे म्हणण्याचा संकोच कुटुंबाच्या अनेक वर्षांच्या कमाईहून मोठा नसावा.