मेघाच्या पोटातील तीन थर

पायाळू माणसावर वीज पडते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. आखाजीच्या सुमारास खानदेशात वळिवाचे ढग जमू लागले की ती पुन्हा ऐकू येते. परंतु चौकशी करावयाची ती माणसाच्या जन्माची नव्हे, ढगाच्या पोटाची. ती कशी झाली, हे आपण थोडक्यात पाहू.

या चौकशीचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच देशात घडला. हिंदुस्थानच्या हवामानखात्यातील जॉर्ज सिम्पसन यांनी सिमल्यास पावसाच्या पाण्यातील विद्युत मोजून १९०९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धन विद्युत ऋणापेक्षा अधिक भरली. वर चढणाऱ्या वाऱ्यात थेंब फुटतात, तेव्हा पाणी धन व हवा ऋण होते, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. मग ढगाचा तळही धनच असला पाहिजे! इंग्लंडात विल्सन यांनी मात्र जमिनीवरून विद्युत्क्षेत्र मोजून उलट सांगितले : माथा धन, तळ ऋण. सुमारे वीस वर्षे हा वाद चालला. त्या काळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुधांशुकुमार बॅनर्जी यांनीही डोक्यावरून जाणाऱ्या मेघांची मोजमापे घेतली.

अखेर सिम्पसन यांनीच स्क्रेस यांच्या साहाय्याने मेघात यंत्रे बांधलेले फुगे सोडले. १९३७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : माथ्याशी धन, मध्ये ऋण आणि तळाशी धन विद्युतेचा लहानसा साठा. विल्सन यांचे म्हणणे मुख्यतः खरे ठरले. सिम्पसन यांचा धन तळही अगदीच खोटा नव्हता. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी स्वतःच जगापुढे ठेवला, हे आपण विसरू नये.

आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की, शून्याखालील थंडीत हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळून हे भार वेगळे होतात. हलके हिमकण धन होऊन वर जातात, जड गारा ऋण होऊन मध्ये राहतात. म्हणजे केळीची पाने फाडणारी गार आणि वीज ही एकाच पोटची भावंडे.

मधला ऋण भार खाली झेपावतो, तेव्हा उंच झाड किंवा मोकळ्या रानात उभा असलेला माणूस त्याला जवळचा वाटतो. मेघाला कोणाची जन्मकथा ठाऊक नसते. म्हणून गडगडाट कानी येताच निंबाखाली न थांबता पक्के घर गाठावे. आणि वीज पडून कोणी गेलाच, तर त्याच्या आईला तो पायाळू होता काय, असे विचारू नये.