मुलांच्या खोलीतील हॅमॉक : वय, आधार आणि सुरक्षितता

दोन टोकांना बांधून टांगलेल्या कापडाच्या किंवा जाळीच्या अंथरुणाला हॅमॉक म्हणतात. फळीच्या झोपाळ्यापेक्षा लुगड्याच्या झोळीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. पलंगाची जागा वाचते आणि दिवसा ते काढून ठेवता येते, म्हणून मुलांच्या लहान खोलीसाठी हा पर्याय सुचवला जातो. मात्र तो स्वीकारण्यापूर्वी दोन प्रश्नांचा निर्णय व्हावा लागतो : मुलाचे वय किती आहे आणि हॅमॉक कशाला टांगला जाणार आहे?

पूर्वपीठिका

‘हॅमॉक’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. 1492 मधील कोलंबसच्या सफरीत युरोपीयांना या साधनाची ओळख झाली आणि पुढे ते जहाजांवरील खलाशांचे नेहमीचे अंथरूण बनले. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात आजही अनेक कुटुंबे हॅमॉकमध्येच झोपतात. तेथे घर बांधतानाच भिंतींत त्यासाठी आकडे बसवले जातात. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांतही पाळण्यासाठी आणि झोपाळ्यासाठी तुळईला लोखंडी कड्या असत. दोन्हीकडे हा भार घराने आधीच गृहीत धरलेला असे. आजच्या सदनिकेत तशी सोय क्वचितच आढळते.

वयाची मर्यादा

एक वर्षाखालील बालकाला हॅमॉकमध्ये झोपवू नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तान्ह्या बालकाने उताणे, टणक आणि सपाट पृष्ठभागावर झोपणे आवश्यक आहे. पृष्ठभागाचा उतार 10 अंशांहून अधिक नसावा. कापडाच्या खोलगट पोटात बालकाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. मान सावरण्याची ताकद त्या वयात नसते.

उसाच्या फडात किंवा बांधकामाच्या ठिकाणी टांगलेली झोळी बालकाला किड्या-मुंग्यांपासून वाचवते आणि काम करणारी आई जवळपास असते. बंद दाराच्या खोलीतील रात्रभराची झोप ही वेगळी परिस्थिती आहे.

एक वर्षानंतरही मूल आधाराशिवाय चढू-उतरू शकत नसेल, तर मोठ्यांच्या नजरेखालील दुपारची झोप एवढाच हॅमॉकचा उपयोग असावा. शाळकरी वयापूर्वी रात्रभराच्या झोपेसाठी तो टाळणे इष्ट.

झुलण्याने झोप लवकर लागते, या अनुभवाला काही शास्त्रीय आधार आहे. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संथ हलणाऱ्या पलंगावर दुपारची झोप लवकर लागल्याचे आढळले. परंतु तो प्रयोग 12 प्रौढ पुरुषांवर झाला होता. मुलांच्या सुरक्षिततेविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

भाराचे गणित

30 किलो वजनाचे मूल झोपले की प्रत्येक टोकावर 15 किलोचा भार येईल, हा समज चुकीचा आहे. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक टोकाला पूर्ण 30 किलो वजनाइतका ताण येतो. दोरी घट्ट ओढून कोन 10 अंशांवर आणला, तर तोच ताण सुमारे 86 किलोंवर जातो. त्यामुळे हॅमॉक सैल बांधावा आणि कोन 30 अंशांच्या आसपास ठेवावा. सैल कापडात तिरके झोपल्यास पाठही बऱ्यापैकी सपाट राहते.

हा ताण आकड्याला भिंतीतून बाहेर खेचतो. म्हणून आकडा आरसीसी खांबात किंवा तुळईतच, योग्य क्षमतेच्या अँकर बोल्टने बसवावा. अर्ध्या विटेची भिंत, हलके एएसी ब्लॉक, पीओपीचे छत, खिडकीचे गज आणि दाराची चौकट हे आधार मानू नयेत. छिद्र पाडण्यापूर्वी भिंतीआडच्या वीजतारा आणि काँक्रीटमधील सळया यांची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. मुलासोबत मोठेही बसतात आणि मुले उड्या मारतात. त्यामुळे सर्व साहित्य प्रौढाच्या वजनाच्या कित्येक पट क्षमतेचे असावे.

मूल झोपलेले असताना हॅमॉकचा तळ जमिनीपासून 45 सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण खुर्चीच्या उंचीपेक्षा, वर नसावा. खाली गादी अंथरावी. झुलण्याच्या टप्प्यात भिंत, फर्निचरचे कोपरे किंवा पंखा येऊ नये.

फास बसण्याचा धोका

पडण्याइतकाच, किंबहुना त्याहून गंभीर धोका गळ्याला फास बसण्याचा आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 1996 मध्ये टोकांना आडवे दांडे नसलेले, जाळीचे सुमारे 30 लाख लहान हॅमॉक परत मागवले होते. त्यांत गुंतून 5 ते 17 वर्षे वयाच्या 12 मुलांचा मृत्यू झाल्याची नोंद आयोगाकडे होती. साडीच्या झोळीशी खेळताना फास बसून मुले दगावल्याच्या घटना भारतातील न्यायवैद्यकीय नियतकालिकांतही नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणून मुलांसाठी बारीक दोरीची जाळी टाळून घट्ट विणीचे रुंद कापड निवडावे. आडव्या दांड्यांचा हॅमॉक उघडा राहत असला, तरी तो सहज उलटतो. झोपेसाठी तो सोयीचा नाही. हॅमॉकभोवती मच्छरदाणीच्या किंवा पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या नसाव्यात. कापड पिळून त्यात फिरण्याचा खेळ मुलांना खेळू देऊ नये.

दोरी, शिवण आणि आकडे दर महिन्याला तपासावेत. आकड्याभोवती भेग दिसल्यास वापर तत्काळ थांबवावा. सकाळी मूल उठल्यावर हॅमॉक आकड्यांवरून उतरवून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. फास बसण्याच्या घटना झोपेत नव्हे, तर खेळतानाही घडतात, हे लक्षात घेता ही सवय सर्वांत महत्त्वाची ठरते.