ताग : दोराचा आणि खताचा

शाळेच्या भूगोलात ताग म्हणजे बंगालचे, गोणपाटाचे पीक. शेतकी पुस्तिकांत मात्र ‘हिरवळीच्या खतासाठी ताग पेरावा’ असे सांगितलेले असते. या दोन वनस्पती अगदी निराळ्या. बंगालचा ताग शेंगवर्गातला नाही. प्रस्तुत लेखातला ताग पिवळ्या फुलांचा आणि वाळल्यावर खुळखुळणाऱ्या शेंगांचा. त्यालाच कोठे बोरू, हिंदीत सन किंवा सनई म्हणतात. विद्यार्थ्यांची येथे हटकून गल्लत होते, पण तो दोष त्यांचा नसून शब्दाचा आहे.

कागदोपत्री हा ताग प्रथम दिसतो तो दोरासाठी. अबुल फज्लच्या आईन-ए-अकबरीत खरीप पिकांच्या साऱ्याचे दर दिले आहेत, त्यांत सन आहे. पुढे इंग्रजी आरमाराला दोरखंडांसाठी रशियन हेम्पवर अवलंबून राहणे धोक्याचे वाटू लागले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने सनाची चौकशी केली. रॉबर्ट विसेटचे त्यावरील पुस्तक १८०४ चे. क्रिमियाच्या युद्धाने रशियाचा माल अडला असताना, १८५५ मध्ये, फोर्ब्स रॉयलने हिंदुस्थानातील तंतुवनस्पतींवर ग्रंथ काढला. रत्नागिरीकडचा ताग तर व्यापारात ‘देवगडी’ या नावाने ओळखला जाई. जे पीक दोर, चऱ्हाट आणि जाळी देते ते नांगराखाली घालण्याचा सल्ला शेतकऱ्याला सहज पटणे कठीण होते.

तो सल्ला जोराने येऊ लागला १८८६ नंतर. जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्थ यांनी त्या वर्षी दाखवले, की शेंगवर्गीय पिके मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंच्या साहाय्याने हवेतला नत्र घेतात. शेंगवर्गीय पीक गाडले की जमीन सुधारते हा जुना अनुभव होता. आता त्याला कारण मिळाले. नवे शेतीखाते आणि त्याची प्रयोगक्षेत्रे ताग पेरून गाडू लागली. मात्र निकाल एकसारखे येईनात. एका शेतात पुढचे पीक जोमाने येई, तर दुसऱ्यात काहीच फरक दिसत नसे.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे होते. या फसगतीचे कारण त्यांना कुजण्याच्या क्रियेत दिसले. गाडलेला ताग कुजायला पाणी, हवा आणि वेळ लागतो. पाऊस लवकर थांबला तर देठ मातीत तसेच राहतात, आणि रब्बीसाठी राखायची ओल मात्र त्यांच्यावर खर्च होते. शहाजहानपूरच्या केंद्रावर उसाआधी गाडलेला ताग लाभला, कारण ऊस पुढच्या वसंतात लागे. मध्ये कुजायला अवधी मिळे आणि सप्टेंबरात पाऊस कमी पडला तर शेताला पाणीही देता येई. कोरडवाहू शेतकऱ्याकडे ना ते पाणी होते, ना तो अवधी. ताग गाडायला तो कचरत असेल तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे होते. त्याच्यापाशी खरिपाचा हंगाम एकच, आणि तो मातीत घालायचा तर परतावा निश्चित हवा.

१९२४ मध्ये इंदूरला होळकर दरबाराने दिलेल्या तीनशे एकरांवर हॉवर्ड यांची संस्था सुरू झाली. तेथे प्रश्नच उलटा मांडला गेला : कुजवण्याचे काम शेताकडून काढून खड्ड्याकडे द्यावे. पालापाचोळा, काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर रचायचे, पाणी शिंपडायचे, ठरावीक वेळी ढीग उलटायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. हिरवा माल आधी सुकवून मग ढिगात घालायचा. हॉवर्ड यांनी ही पद्धत रसायनज्ञ यशवंत वाड यांच्यासह १९३१ च्या ग्रंथात मांडली. जगभर तिची ख्याती ‘इंदूर पद्धत’ म्हणून झाली, पण हॉवर्डचे नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना वाड आठवतात.

ताग गाडण्याची शिफारस पुढेही टिकली. सहा ते आठ आठवड्यांत, फुलोऱ्याच्या सुमारास तो गाडावा, असे सांगतात; त्यानंतर देठात धागा पक्का होत जातो आणि कुजणे लांबते. दोर वळणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच धागा.