रक्त की रिवाज? कर्करोगाच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ तलासरीच्या पलीकडे गुजरातची हद्द लागते आणि थोड्याच अंतरावर संजाण येते. पारशी परंपरेनुसार इराणहून आलेले त्यांचे पूर्वज याच बंदरावर उतरले. डहाणूच्या चिकूवाड्यांत पुढे इराणी कुटुंबे स्थिरावली. त्यांच्या शेजारी शतकानुशतके वारली राहत आले आहेत. हवा आणि पाऊस एकच, पण विवाह मात्र आपापल्या समाजातच.

२/ अशा शेजारी समाजांत एखादा आजार कमीजास्त आढळला, तर कारण कशात शोधायचे? पिढीजात रक्तात, की पिढीजात रिवाजात? दोन्ही गोष्टी आईबापांकडूनच मिळतात, म्हणून त्या वेगळ्या करणे कठीण. कर्करोगाच्या बाबतीत हे कोडे सोडवण्याचा मोठा प्रयत्न मुंबईत झाला.

३/ १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. १९४५ मध्ये त्यांनी व सूर्याबाई यांनी चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात कंबरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या रेषेवर होणारा त्वचेचा कर्करोगही होता. येथे कारण रक्तात नव्हते, नेसण्याच्या पद्धतीत होते.

४/ तरीही खानोलकरांनी रक्ताची बाजू सोडली नाही. १९४९ मध्ये एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांची सात आनुवंशिक लक्षणांवरून तुलना केली. जातींमधील जैविक फरक किती, हे आता मतांवरून नव्हे, मोजमापाने ठरणार होते.

५/ १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. कर्करोगाचे रुग्ण आणि कर्करोग नसलेल्या व्यक्ती यांच्या सवयी त्यांनी ताडून पाहिल्या. तोंड व घशाच्या कर्करोगाचा तंबाखू चघळण्याशी आणि ओढण्याशी असलेला संबंध त्यातून समोर आला. जातीच्या नावामागे लपलेली सवय आकड्यांनी उघडी पाडली.

६/ पण रुग्णालयात येतात ते रुग्णच. न आलेल्यांचे काय? त्यासाठी साऱ्या शहराची नोंद हवी. १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली नोंदणी होय.

७/ तिच्यातून पारशी समाजाचे चित्र उमटले. या समाजात वृद्ध अधिक आणि कर्करोग वयाबरोबर वाढणारा. म्हणून नुसती रुग्णसंख्या फसवी ठरते. सर्व समाजांची वयरचना सारखी धरून काढलेला 'वयप्रमाणित दर' हाच तुलनेचा खरा आधार.

८/ ही दुरुस्ती करूनही पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्तच राहिले. उलट, अग्नी पवित्र मानून धूम्रपान निषिद्ध ठरवणाऱ्या या समाजात तंबाखूजन्य कर्करोग कमी आढळले. उशिरा विवाह आणि कमी अपत्ये हे स्तनाच्या कर्करोगाचे ज्ञात धोके. पारशी स्त्रियांत ते ठळक होते. एकाच समाजाला रिवाजाने एका बाजूने तारले, दुसऱ्या बाजूने धोक्यात घातले.

९/ मग रक्ताचा वाटा? १९९० मध्ये अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी 'बीआरसीए-१' जनुकाचे ठिकाण १७व्या गुणसूत्रावर दाखवले. १९९४ मध्ये ते जनुक हाती आले. प्रारंभी त्याच्या दोषाने आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ८० टक्क्यांहून अधिक मानली गेली. पण ते अंदाज अनेक रुग्ण असलेली कुटुंबे निवडूनच काढले होते. २००३ मध्ये २२ अभ्यास एकत्र केल्यावर, ७० वर्षे वयापर्यंतचा धोका सरासरी ६५ टक्के निघाला. कोणाला मोजले, यावर उत्तर बदलते.

१०/ १९८९चे प्रसिद्ध 'गेल प्रतिमान' एकेका स्त्रीचा धोका वर्तवते. वय, पाळी सुरू झाल्याचे वय, पहिल्या बाळंतपणाचे वय, आई-बहिणींचा आजार असे घटक ते जोखते. मात्र ते उभे राहिले तपासणीस आलेल्या गोऱ्या अमेरिकन स्त्रियांच्या नोंदींवर. तलासरीच्या वारली स्त्रीला ते जसेच्या तसे लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवणे.

११/ या पट्ट्यातील आदिवासींना आनुवंशिकता अनोळखी नाही. सिकलसेल येथे घरोघरी ठाऊक आहे. तेथे दोष एका जनुकाचा. आईबाप दोघांकडूनही तो आला की आजार येतो. स्तनाच्या कर्करोगात मात्र ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत असा थेट वारसा नसतो. एकीकडे नियम, दुसरीकडे शक्यता. हा भेद पुसला गेला की 'रक्तातच आहे' म्हणत माणसे तपासणीलाही जात नाहीत.

१२/ ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली, मुंबईनंतर जवळपास पाव शतकाने. तेथील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी निघाला. शहराच्या आकड्यांवरून गावाचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यातून दिसले. परळच्या प्रयोगशाळेत विचारलेला प्रश्न डहाणू-तलासरीतही खरा आहे. त्याचे उत्तर मिळेल ते येथील माणसे मोजूनच.